मुक्या लाभार्थ्याची सही

पेणच्या बाजारपेठेत काय किंवा रोह्यात काय, किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी गाईचं चित्र चिकटवलेली एखादी पेटी असतेच. गिऱ्हाईक उरलेली नाणी तिच्यात टाकतं आणि विसरून जातं. शाळेला वर्गणी दिली तर इमारत उभी राहिलेली दिसते, पोरं घरी येऊन मास्तरांबद्दल बोलतात. दवाखान्याला दिली तर बरा होऊन आलेला शेजारी सांगतो, डॉक्टर कसा आहे आणि औषध मिळतं की चिठ्ठीच मिळते. जनावरांच्या उपचारासाठी दिलेल्या पैशाचं तसं नाही. ज्याच्यासाठी पैसा जमला तो पावतीवर अंगठा उठवत नाही, तक्रारअर्ज करत नाही, वार्षिक सभेत उभा राहून प्रश्न विचारत नाही. मग पैसा त्याच्यापर्यंत पोचला हे ठरवायचं कशावरून? जवळपास दोनशे वर्षं आपल्या भागात या प्रश्नाची उत्तरं शोधली जात आहेत. दर वेळी साक्षीदार नवा सापडला आणि दर वेळी त्याची खोटही नव्याने कळली.

या हिशेबाची सुरुवात दयेने नव्हे, मारण्याने झाली. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा हुकूम असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. व्यवहार चोख होता. कुत्र्याचं धूड आणून दाखवा, पैसे घ्या. पण पैसे नगावर मिळतात म्हटल्यावर पकडणाऱ्यांनी मोकाट आणि पाळीव हा भेद सोडला. दारातली, अंगणातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचं स्थान आहे, त्यामुळे ६ जून १८३२ रोजी फोर्टात दंगल उसळली, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, आणि इतर समाजांचे लोकही त्यात सामील झाले. त्या काळच्या कोणा हिशेबनिसाने ते खातं तपासलं असतं तर त्याला एका पैशाचीही तफावत सापडली नसती. जितकी धुडं तितके आठ आणे. जे मोजायला सोपं त्यावर बक्षीस लावलं की लोक ते आणून देतात. जे साधायचं होतं ते बाजूला राहतं. ही गोष्ट पुढेही अनेकदा आड येणार होती.

दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ उभारली. भुलेश्वरची ती पांजरपोळ आजही आहे. तिचा खर्च नुसत्या देणगीवर चालत नव्हता. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर, कापसासारख्या जिनसांवर ठराविक लागा बांधून घेतला होता. बाजारात माल हलला की पांजरपोळीच्या नावे रक्कम जमा व्हायची. आर्थिक पाया म्हणून ही रचना भक्कम होती, कारण भावनेला भरती-ओहोटी असली तरी उलाढाल चालूच राहते. याच जमशेटजींनी १८३८ मध्ये सुमारे २० हजार रुपये पदरचे खर्चून ठाकूरद्वाराजवळ गुरांना मोफत चरण्यासाठी जमीन घेतली. चर्नी रोडच्या नावात ती चरणी अजून टिकून आहे, असं सांगतात.

पांजरपोळीच्या हिशेबाला साक्षीदार कोण? लागा भरणारे व्यापारीच. ते त्याच पेठेत राहायचे, येता-जाता आवार बघायचे, आणि चोपडी लिहिणारा त्यांच्या ओळखीचा असायचा. ही देखरेख खरी होती, पण ती देणाऱ्याच्या समाधानापुरती. जनावर बरं करून परत पाठवणं हा पांजरपोळीचा मूळ हेतू नव्हता. त्याला नैसर्गिक मरण येईपर्यंत आसरा देणं हा होता. त्यामुळे किती जनावरं घेतली हा आकडा अभिमानाने सांगता येई. किती बरी झाली, हे कोणी विचारतच नव्हतं.

तिकडे लंडनमध्ये याच सुमारास वेगळीच तऱ्हा होती. १८२४ मध्ये तिथे प्राण्यांवरचे अत्याचार रोखणारी संस्था निघाली. तिचा पैसा क्रूरपणे वागणाऱ्यांवर खटले भरण्यात आणि देखरेखीसाठी माणसं नेमण्यात जाई. बांधील उत्पन्न काहीच नव्हतं. दोन वर्षांत संस्थेवर इतकं कर्ज झालं की संस्थापक पाद्री आर्थर ब्रूम यांना कर्जदारांच्या तुरुंगात जावं लागलं, आणि सहकाऱ्यांनी पैसे जमवून त्यांना सोडवलं. प्राणिसेवेची पहिली आधुनिक संस्था जन्मताच दिवाळखोरीच्या दारात उभी होती, ही गोष्ट आजच्या उत्साही तरुण संस्थांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८७४ मध्ये मुंबईतही तशी संस्था स्थापन झाली. पुढच्या दशकात दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं, आणि त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. रुग्णालयाबरोबर केसपेपर आला. जनावर कुठलं, आजार काय, औषध कोणतं, शेवट काय झाला. दात्याच्या जागी आता वैद्य साक्षीला उभा राहिला. प्राणिसेवेच्या जबाबदारीच्या इतिहासात हा मोठा टप्पा म्हणायचा, कारण पैसा आत किती आला याऐवजी जनावर बाहेर कसं गेलं याची नोंद पहिल्यांदा होऊ लागली.

पण परळ मुंबईत. पेण-रोह्याकडच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, गावांना जनावरांचा सार्वजनिक हिशेब दिसला तो दवाखान्यात नव्हे, कोंडवाड्यात. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याचं जे बस्तान बसवलं, ते दानधर्माचं नव्हतं. दुसऱ्याच्या शेतात घुसलेलं गुरू अडकवून दंड घेण्याचं होतं. दराचं कोष्टक ठरलेलं असे. म्हशीला आठ आणे, गाय-बैलाला चार, वासराला दोन, शेळी-मेंढीला एक. पण त्या कायद्यातली हिशेबाची शिस्त आजच्या कित्येक गोशाळांना लाजवील. कोंडवाडेवाल्याने वही ठेवायची, जनावर कोणी आणलं, कधी आणलं ते लिहायचं, त्याला चारा-पाणी घालायचं आणि त्याचा खर्च मालकाकडून घ्यायचा. सात दिवसांत मालक आला नाही तर नोटीस, मग जाहीर लिलाव. दंड आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाची. आणि सर्वांत महत्त्वाचं कलम असं की पोलीस, अधिकारी किंवा खुद्द कोंडवाडेवाला यांनी त्या लिलावात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जनावर विकत घ्यायचं नाही. ज्याच्या हातात वही त्याच्या हातात फायदा नको, इतकी साधी अक्कल त्या कलमात आहे. आज एखाद्या संस्थेचा चारा विश्वस्ताच्याच मेहुण्याच्या दुकानातून येतो का, हा प्रश्न विचारणारा माणूस नकळत तेच कलम वापरत असतो.

विसाव्या शतकात गोरक्षणाच्या चळवळीने पैशाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. वाईचे चौंडे महाराज या कामात होते. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गोरक्षण परिषद भरली, गांधीजी तिचे अध्यक्ष होते, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत अखिल भारतीय गोरक्षा सभेची स्थापना झाली. गांधीजींचा आग्रह असा की गोशाळा नुसत्या देणगीवर जगू नये. जाणकार माणसं नेमून तिने उत्तम दुग्धालय चालवावं, आणि मेलेल्या जनावराच्या कातड्यासाठी स्वतःचं चर्मालयही ठेवावं. धार्मिक मंडळींना हे पचायला जड गेलं, पण त्यात अर्थशास्त्र होतं. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्यात गोसेवा संघाला बळ दिलं. पुढे गोवधबंदीसाठी उपोषणाला बसणारे विनोबा तर पेण तालुक्यातल्या गागोद्याचेच.

स्वावलंबनाची ही कसोटी मात्र कोकणात जशीच्या तशी लागू पडत नाही. इथली गाय लहान चणीची, काटक आणि दुधाला कमी. कोकण कपिला या नावाने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली तीही २०१८ मध्ये. भातशेतीतली बैलांची कामं पॉवर टिलरने घेतली. पेंढा आहे, पण त्यावर दुग्धालय उभं राहत नाही. त्यामुळे पेण-रोह्यासारख्या ठिकाणी जखमी गुरं सांभाळणारी संस्था दुधावर तगेल असं म्हणणं म्हणजे तिला आधीच नापास करणं. तिला बाहेरचा पैसा लागणारच, आणि बाहेरचा पैसा आला की हिशेब आलाच.

त्या हिशेबाची चौकट १९५० मध्ये तयार झाली. ज्या वर्षी रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले, त्याच वर्षी मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आला. आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा त्यातूनच उभी राहिली. पेण-रोह्याच्या विश्वस्त संस्थांसाठी ते कार्यालय अलिबागला आहे. नोंदणी, विश्वस्त बदलले की फेरफार अर्ज, जमीन विकायची तर परवानगी आणि दरवर्षी लेखापरीक्षकाचा अहवाल असं सगळं त्याच्या अखत्यारीत येतं.

या अहवालातलं एक पान जवळून बघावं. अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचा तक्ता. खर्चाच्या बाजूला मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचा मेहनताना, कोर्टकचेरी, लेखापरीक्षण फी, घसारा अशा ओळी येतात. मग येतो संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च, आणि त्याचे पोटभाग पाच. धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य आणि इतर धर्मादाय. जनावर यात कुठेच नाही. म्हणजे पाय मोडलेल्या बैलाला घातलेलं प्लास्टर, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या गाईला दिलेली लस आणि गोशाळेच्या फाटकाचा रंग हे सगळं कायदेशीररीत्या ‘इतर’ या एकाच ओळीत बसू शकतं. गंमत अशी की धर्मादाय निधीला द्यायच्या अंशदानासाठी जी अनुसूची नऊ-सी भरतात, तिच्यात वजावटीसाठी ‘जनावरांच्या पशुवैद्यकीय उपचारांवरील खर्च’ अशी स्वतंत्र ओळ आहे. सूट मागायची वेळ आली की जनावर दिसतं, खर्च दाखवायच्या वेळी नाहीसं होतं. ज्याला एखादी संस्था खरोखर दवाखाना चालवते की नुसता गोठा, हे पाहायचं असेल त्याने या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवाव्यात. पाणी कुठे मुरतंय याचा अंदाज तिथेच येतो.

लेखापरीक्षक हा या टप्प्यावरचा साक्षीदार. त्याची किंमत आणि मर्यादा दोन्ही पेणकरांना सांगायला नकोत. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि बोगस कर्जखात्यांचा घोटाळा उघडकीला आला. हजारो घरांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या. लेखापरीक्षण दरवर्षीच होत होतं. ज्या गावाने बोलत्या ठेवीदारांच्या बँकेत हे पाहिलं, त्याने मुक्या लाभार्थ्यांच्या संस्थेत नुसत्या शिक्क्यावर विसंबून राहू नये. लेखापरीक्षक व्हाउचर तपासतो, गोठ्यात जात नाही, आणि जाणं त्याचं कामही नाही.

२०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक झालं. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात प्राणिकल्याणाचं नाव स्पष्ट आहे. धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठणे, डोलवी या पट्ट्यात कारखाने आहेत, त्यामुळे इथल्या संस्थांनाही हा दरवाजा उघडा झाला. त्याबरोबर एक नवा मापदंड आला. प्रशासकीय खर्च किती टक्के? परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. देणगीदारही हाच प्रश्न आधी विचारतो. पण अमेरिकेत संस्थांना गुण देणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनीच २०१३ मध्ये जाहीर पत्र काढून सांगितलं की या टक्केवारीवरून संस्थेचं काम जोखणं चूक आहे.

जनावरांच्या दवाखान्यात तर ते उघडच दिसतं. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री ट्रकची धडक बसलेलं गुरू उचलायचं तर गाडी, चालक, चार जणांची ताकद आणि रात्री फोन उचलणारा माणूस लागतो. कागदावर यातलं बरंचसं ‘आस्थापना’. तो खर्च कापला की टक्केवारी सुंदर दिसते आणि गुरू रस्त्याकडेला सकाळपर्यंत पडून राहतं. विदेशी देणगीच्या नियमांनीही डॉक्टरांचा पगार प्रशासकीय खर्चात धरलेला नाही, इतपत समज तिथे आहे.

टक्केवारीपेक्षा मोठी गोष्ट ‘औषधे’ या एका शब्दात दडते. वेदना कमी करायला गुरांना सर्रास डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. ते औषध अंगात असलेलं गुरू मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. दशकभरात देशातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे. रोह्याच्या दक्षिणेला म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडांची वसाहत गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी जपली आहे. आता विचार करा. त्या काळी एखाद्या दयाळू संस्थेने स्वस्तातलं डायक्लोफिनॅक घेतलं असेल, तर तिचा ताळेबंद निर्दोष होता, औषधखर्च काटकसरीचा होता, गुरंही बरी होत होती. नुकसान ज्याच्या खात्यात पडलं ते गिधाड कुठल्याच अनुसूचीत नव्हतं. म्हणून जनावरांच्या संस्थेकडे औषधांचं नुसतं बिल मागू नये, औषधांची नावं असलेली साठावही मागावी.

कुत्र्यांच्या बाबतीत चक्र पुन्हा नगावर आलं. मुंबई महापालिकेने नव्वदच्या दशकात कुत्री मारणं सोडून निर्बीजीकरणाची वाट धरली. २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. प्राणिकल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थांना नगरपालिका प्रत्येक कुत्र्यामागे पैसे देतात. १८३२ मध्ये पैसे मारण्याचे होते, आता शस्त्रक्रियेचे आहेत, पण जुनी शंका कायम. खरंच केली कशावरून? त्यावर उत्तर निघालं ते थोडं किळसवाणं, पण हुशारीचं आहे. काढलेले अवयव, म्हणजे नराचे वृषण आणि मादीचं गर्भाशय नि अंडाशय, जपून ठेवायचे. देखरेख समितीने ते मोजायचे आणि मगच त्यांची विल्हेवाट लावायची. बिल त्या मोजणीवर. खोटं बिल लावणं त्यामुळे खरोखर अवघड होतं. तरी बरणीतले अवयव एवढंच सांगतात की शस्त्रक्रिया झाली. टाके पिकले का, कुत्रं जगलं का, जिथून उचललं त्याच गल्लीत सोडलं का, हे बरणीला ठाऊक नसतं.

ते ठाऊक असतं गल्लीला. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला काप देतात, आणि नियम असा की त्याला पकडलेल्या ठिकाणीच सोडायचं. त्यामुळे रोह्यालगतच्या अष्टमीतल्या एखाद्या आळीत कापलेल्या कानाची किती कुत्री फिरतात हे तिथली बाई दारात भाकरी टाकताना मोजू शकते, आणि हा आकडा नगरपरिषदेच्या बिलाशी ताडून बघता येतो. आजवर सापडलेल्या साक्षीदारांमध्ये मला हा सर्वांत भरवशाचा वाटतो. तो संस्थेच्या पगारावर नाही.

गुरांच्या कानातही आता बारा अंकी बिल्ला आहे. २०२४ पासून त्याच्याशिवाय खरेदी-विक्री नाही असा राज्याचा दंडक आहे. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर भाकड बैल आणि पकडलेली जनावरं गोशाळांकडे येऊ लागली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. त्यासाठी किमान ५० जनावरं आणि बिल्ला अनिवार्य केला. किमान संख्येची गोशाळा धरली तरी वर्षाला ९ लाख १२ हजार ५०० रुपये होतात. रक्कम लहान नाही, आणि चाऱ्याचे भाव पाहता फार मोठीही नाही. पण अनुदान जिवंत डोक्यावर मिळतं, तेव्हा गाय मेल्याची नोंद करण्याची घाई कोणालाच नसते. बिल्ला गाय नोंदवतो, तिची तब्येत नोंदवत नाही. आठ आण्यांचा धडा इथे उलट्या बाजूने लागू होतो.

मग देणाऱ्याने करायचं काय? अलिबागच्या कार्यालयातून नकलेचा अर्ज करून संस्थेचे ताळेबंद मिळवता येतात. गैरव्यवहाराचा ठोस संशय असेल तर दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्ती धर्मादाय आयुक्तांच्या संमतीने दावाही लावू शकतात. पण तो शेवटचा उपाय झाला. त्याआधी चार आकडे मागावेत. या वर्षी जनावरं आली किती, बरी होऊन गेली किती, मेली किती आणि आज आवारात आहेत किती. वर्षाच्या सुरुवातीला असलेली जनावरं धरून बेरीज जुळते का पाहावं, आणि त्यातल्या एखाद्या नोंदीचा माग स्वतः काढावा. अमुक वाडीतून आणलेली म्हैस परत गेली असेल तर ती वाडी जवळच आहे, जाऊन विचारता येतं.

चार आकड्यांत सर्वांत बोलका आकडा मेलेल्यांचा. महामार्गावर चिरडलेली, पुरात वाहिलेली, लम्पीने पोखरलेली गुरं घेणाऱ्या दवाखान्यात जनावरं मरणारच. ज्याच्या अहवालात एकही मेलं नाही, तो एकतर जड केस घेत नाही किंवा लिहीत नाही. ज्या संस्थेच्या वहीत मेलेल्यांचा रकाना तारीख, कारण आणि औषधासकट भरलेला सापडेल, तिचा आस्थापना खर्च थोडा जास्त असला तरी तिला डोळे उघडे ठेवून देणगी द्यावी.